दोन आणि दोनच

“आजी, तू सांगितलंस म्हणून लिहिलं, आणि चूक आलं!” आसावरीने उत्तरपत्रिका माझ्या पुढ्यात आपटली.

प्रश्न साधा होता. सहा कार्डांवर सहा त्रिकोण. एकाच्या तिन्ही बाजू समान, दोहोंच्या दोन-दोन, उरलेले तीन विषमभुज. न पाहता उचललेले कार्ड समद्विभुज त्रिकोणाचे असण्याची संभाव्यता किती? नातीने लिहिले होते, एक द्वितीयांश. त्यावर लाल फुली. शेजारी, एक तृतीयांश.

निपाणीच्या शाळेत मी आयुष्यभर गणित शिकवले; आता या कन्नड शहरात मुलाकडे राहून नातीला शिकवते. ती फुली माझ्यावर होती. दुसऱ्या दिवशी मी बनशंकरीतील तिच्या शाळेत जाऊन उभी राहिले.

गणिताच्या भाग्यलक्ष्मीबाई अथणीकडच्या, मराठी जाणणाऱ्या. म्हणाल्या, “अज्जी, समभुजाचा गट वेगळा की हो.”

“त्याच्या दोन बाजू समान नाहीत?”

“आहेत. पण तीन आहेत री!”

“मला तीन लेक आहेत. दोन आहेत का विचारले, तर नाही म्हणू? समद्विभुज म्हणजे दोन बाजू समान. ‘दोनच’ कोण म्हणाले? हा ‘च’ आणलात कुठून?”

बाईंना हसू आले. “तुमचं खरं आहे. पण उत्तरसूचीत तसं नाही. हिला मार्क दिला, तर सगळ्या वर्गांचे पेपर उघडावे लागतील. स्वल्प अॅडजस्ट माडी, अज्जी, थोडं जुळवून घ्या.”

“गणितात अॅडजस्ट?” माझा आवाज इतका चढला की शिपाई दारात आला.

संध्याकाळी माझा मुलगा गिरीराज बूटही न काढता म्हणाला, “आई, शाळेतून फोन होता. आसावरीला ऑनलाइन ट्यूशन लावलीय. तू आता आरामच कर.”

हा ‘च’ मात्र त्याला अचूक लावता आला.

“माझे उत्तर चूक आहे का, ते सांग.”

“बरोबर असेल गं. मार्क मिळत नाहीत ना!”

मी नातीकडे पाहिले. ती पायाच्या अंगठ्याने फरशी घासत होती. “आजी, शाळेत त्यांचं लिहिते. घरी तुझं.”

सोमवारी आमच्या अभ्यासाच्या वेळी तिच्या खोलीचे दार लागले. आत कोणी परका पुरुष इंग्रजीतून तोच प्रश्न विचारत होता. “वन बाय थ्री,” आसावरी म्हणाली. “व्हेरी गुड!”

मी दार ठोठावायला हात उचलला. स्वयंपाकघरात कुकरची वाफ कोंडू लागली होती. मी तिकडे वळले आणि शिट्टी होण्याआधीच गॅस बंद केला. तास चालू असताना मी कधी आवाज होऊ दिलेला नाही.