गोळीवरचा खडा

"गोळ्या थुंकतेस कुठं, ते सांग," पेनिनाने सुनेला भर दवाखान्यात विचारलं. "घरामागं? का नदीवर?"

अपोंडीला सातवा महिना होता. एचआयव्हीच्या गोळ्यांनी रक्तातले विषाणू कमी व्हायला हवे होते, आणि रिपोर्टात ते वाढलेले निघाले होते. असंच राहिलं तर बाळालाही लागण होऊ शकते, असं नर्स जेरुशाने दोघींना बजावलं होतं.

"गिळते की, आई. तुमच्यासमोर गिळते."

"माझा ओगुटूही समोरच गिळायचा. मेल्यावर गादीत सापडल्या गोळ्या. नवऱ्याचेच गुण उचललेस तू."

पेनिनाचं तोंड अहेरो गावच्या सगळ्या बाजाराला माहीत होतं. डोहाळ्यांसाठी पोटुशा बायका खातात ते ओडोवाचे, म्हणजे मातीचे खडे ती तिथे विकायची, आणि घासाघीस करणारीचा उद्धार झाल्याशिवाय खडा देत नसे. मुलगा गेल्यापासून सुनेवर तर तिचा डोळ्यांत तेल घालून पहारा होता. संध्याकाळची गोळी स्वतःच्या हाताने द्यायची आणि तोंड उघडायला लावून जिभेखालीही बघायची.

"गोळीबरोबर आणखी काही खातेस?" जेरुशाने विचारलं.

अपोंडीने सासूकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "नाही, सिस्टर."

"खोटं बोलू नकोस. बाळाच्या जिवाशी खेळ आहे हा."

"काही नाही खात."

गोळीने सुनेला उमळून यायचं, म्हणून वर चांगला मोठा खडा पेनिनाच द्यायची. पोरीला हे सांगता आलं असतं. सासूचे चारचौघांत वाभाडे काढायची अशी संधी पुन्हा मिळाली नसती, आणि ती गप्प बसली होती. पेनिनाला त्या गप्प बसण्याचा भयंकर राग आला.

"ओडोवा खाते," ती म्हणाली. "मी देते. गोळीवर लगेच."

जेरुशाने पेन खाली ठेवलं. "औषध रक्तात न जाता मातीलाच चिकटून बाहेर पडत असेल. नक्की सांगता येत नाही, पण आजपासून बंद. महिन्याने पुन्हा रक्त बघू." मग थांबून म्हणाली, "आणि मावशी, इतका वेळ हिला झोडपत होतात?"

पेनिना सुनेला घेऊन घरी आली.

संध्याकाळी तिने गोळी दिली. अपोंडीने ती गिळली आणि तोंड उघडून जीभ वर केली.

"मिट ते," पेनिना म्हणाली.

अपोंडीने तोंड मिटलं. पण खड्यासाठी तिचा हात सवयीने पुढे आला होता, आणि त्यावर ठेवायला पेनिनाला घरात काहीच सापडेना.