ऑक्टोबरातला वारापुरवठा

मामा शेवटी उडाले. पंख्यांच्या कारखान्यामागच्या मैदानावरून उडाले आणि भंगाराच्या शेडच्या पत्र्यावर उतरले. एका पायात बूट, दुसऱ्यात नुसता मोजा. आता हे वाचलंत ते विसरा. असं काही घडलेलंच नाही असं घरात सर्वानुमते ठरलं आहे, आणि आपण बाहेरच्यांनी त्यात नाक खुपसायचं कारण नाही. मामा जमिनीवर होते, जमिनीवर आहेत.

मामांची भाची, घरातली धाकटी, त्याच कारखान्यात पंखे तपासायची. तिची खोली चारी बाजूंनी बंद. खिडकी नाही, फट नाही. छताला नवा पंखा टांगायचा, सुरू करायचा आणि खाली हातात यंत्र धरून तो किती वारा देतो ते मोजायचं. मोजताना हलायचं नाही, कारण माणूस हलला की वारा हलतो आणि आकडा बिघडतो. म्हणजे गावातला सगळा विकाऊ वारा आधी तिच्या अंगावरून जायचा आणि तिला कपाळावरची बट मागे सारायची सोय नव्हती. अशा मुलीला काइटसर्फिंगचं वेड लागलं तर त्यात नवल ते काय? पायाखाली फळी, कमरेला पट्टा, पट्ट्याला दोऱ्या आणि दोऱ्यांच्या टोकाला खोलीएवढा पतंग. वारा ओढेल तसं पाण्यावरून सुसाट सुटायचं. गावाबाहेरच्या तलावावर ती शिकली, पण तिथला वारा म्हणजे पाहुण्याचा कारभार. आला तर आला.

खरा वारा होता मध्य अमेरिकेतल्या एका देशात. दोन महासागरांच्या चिमटीत सापडलेला चिंचोळा, हिरवागार, उकाड्याचा देश. तिथे फेब्रुवारीत वारा सकाळी कामावर येतो तो संध्याकाळपर्यंत चहालाही उठत नाही.

साहेबांनी रजा दिली ती मूत्रपिंड काढून दिल्यासारखी. "वारा खायला एवढ्या लांब? इथे काय कमी पडतंय तुला?" मग सही करता करता म्हणाले, "एकदाच. एवढी लांब रजा पुन्हा मागायची नाही."

इथवर सगळं सुरळीत होतं. मग धाकटीनं एक गाढवपणा केला. घरी सांगितलं.

"एकटी?" आई म्हणाली. त्या एका शब्दात समुद्र, शार्क, परके पुरुष आणि विमानातलं गार जेवण सगळं आलं.

"आई, तो खेळच एकटीनं खेळायचा असतो."

"खेळ एकटीनं खेळ. जा चौघांबरोबर."

आणि आईनं मामांना फोन केला. मामा पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेले. कोणत्या भागात नळ कधी यायचा हे तीस वर्षं त्यांच्या बोटावर होतं, आणि तेव्हापासून त्यांची पक्की समजूत होती की निसर्ग हेही एक खातंच आहे. योग्य टेबलावर अर्ज गेला पाहिजे. मामा आले, धाकटीचा पासपोर्ट "बुकिंगसाठी" घेऊन गेले आणि पंधरवडाभर गप्प राहिले. गप्प मामा ही धोक्याची घंटा होती. पण धाकटी पतंगाच्या दोऱ्या सोडवण्यात गुंतली होती, तिला ती ऐकू गेली नाही.

मग एका रविवारी मामांनी सगळ्यांना दिवाणखान्यात बसवलं. आई, दादा, वहिनी आणि मधे धाकटी, उत्सवमूर्तीसारखी.

"सगळे जातोय," मामा म्हणाले. "ऑक्टोबरात."

"फेब्रुवारी," धाकटी म्हणाली.

"फेब्रुवारी मी रद्द केला. अगं, चौकशी केली मी. फेब्रुवारीत तिथे भयंकर वारा असतो! माणूस नीट उभा राहू शकत नाही."

धाकटीनं दादाकडे पाहिलं.

"आईला वाऱ्यानं चक्कर येते," दादानं समजावलं.

"आणि माझे केस," वहिनी म्हणाली. "त्या हवेत नुसतं घरटं होतं गं."

"ऑक्टोबरात एक पान हलत नाही," मामा विजयी चेहऱ्यानं म्हणाले. "वाऱ्याचा त्रास म्हणून नाही!"

"मामा, मी वाऱ्यासाठी चाललेय!"

"तू खेळायला चालली आहेस. शांत हवेत जास्त छान खेळता येईल."

"माझी रजा फेब्रुवारीची आहे."

"होती. साहेबांना मी जातीनं भेटलो. लाघवी माणूस! लगेच बदलून दिली. म्हणाले, आता मात्र यात फरक नाही. मी म्हटलं, प्रश्नच नाही, तिकिटंही न बदलणारीच काढलीत."

धाकटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या रजेसाठी तिनं दोन वर्षं श्वास रोखून पंखे मोजले, ती या माणसानं चहाच्या कपावर बदलून आणली, आणि वर शाबासकीसाठी मान पुढे करून बसलाय! बरं, भांडावं तरी कोणाशी? सगळे तिच्याच भल्यासाठी जमलेले. शत्रूनं वाट लावली तर निदान हात झटकता येतात; माणसं प्रेमानं वाट लावतात तेव्हा त्यांना वर चहा करून द्यावा लागतो. तिनं केला. साखर घातली नाही. तेवढंच.

"चला," ती कप ठेवून म्हणाली. "दाखवतेच तुम्हाला."

सगळी वरात कारखान्यामागच्या मैदानावर गेली. तिनं पतंगात हवा भरली, दोऱ्या पसरल्या, पट्टा बांधला. हवा ठप्प होती. पतंग वाळत घातलेल्या गोधडीसारखा पडून राहिला.

"हा ऑक्टोबर," ती म्हणाली. "बघून घ्या."

"किती शांत," आई म्हणाली.

दुपार कलली तसा मैदानाच्या त्या टोकाकडून वारा उठला. पतंग फडफडला आणि एका झेपेत डोक्यावर जाऊन ताठ उभा राहिला. धाकटी टाचा रोवून मागे रेलली. बंद खोलीत पुतळ्यासारखी उभी राहणारी ती हीच मुलगी, हे दादाला क्षणभर पटेना.

"आणि हा फेब्रुवारी!" ती ओरडली. "हा तर त्याच्या अर्धाही नाही!"

"एवढ्याचसाठी हा गोंधळ?" मामा पुढे झाले. "आण तो पट्टा. मलाही कळू दे."

तिनं नको म्हणायला हवं होतं. पण राग डोक्यात होता, आणि मामांना वारा कळावा असं तिला अगदी मनापासून वाटत होतं. पतंग खाली घेऊन तिनं पट्टा त्यांच्या कमरेला बांधला, पतंग परत वर चढवला आणि दोऱ्या बांधलेली दांडी त्यांच्या हातात दिली. "ओढायची नाही मामा. भीती वाटली तर सोडून द्यायची."

"मोठमोठे व्हॉल्व्ह फिरवलेत मी. मला दांडी शिकवतेस?"

झुळूक आली. मामांनी ओढली.

त्यानंतर काही झालं नाही. वर ठरलंच आहे. फक्त रखवालदाराकडे शिडी मागावी लागली, आणि न झालेल्या प्रकारानंतर एक बूट अजून सापडायचा आहे.

संध्याकाळी मामा घरी गरम पाण्याच्या बादलीत पाय बुडवून बसले होते. समोर धाकटी होती; बाकीचे स्वयंपाकघरात कुजबुजत होते.

"तिथे असा असतो?" मामांनी हळूच विचारलं. "रोज?"

"रोज. फेब्रुवारीत."

"आणि ऑक्टोबरात?"

"बंद पंख्याखाली बसल्यासारखं."

मामांनी पाण्यात पायाची बोटं हलवली. "तिकिटं बदलत नाहीत," ते म्हणाले.

"रजाही नाही. तुम्हीच बंद करून आलात ते दार."

"हं." मामांनी बादलीतून पाय काढला, पुसला आणि खिशातून पेन काढलं. "कागद दे. मग वाराच इकडे आणला पाहिजे."

"मामा, मी आत्ता किंचाळेन."

"किंचाळ. पण आधी सांग, किती लिहू?"

"काय किती?"

"वारा. मोघम मागितलं की अर्ज परत येतो."

धाकटीनं डोळे मिटले. तिला सगळ्या घराचा, सगळ्या खात्यांचा, साऱ्या पृथ्वीच्या हवामानाचा संताप आला. "वीस नॉट," ती दात आवळून म्हणाली. "किनाऱ्याला तिरका. आणि सकाळपासून!"

मामांनी चष्मा सारखा केला आणि लिहिलं:

"मा. वारापुरवठा अधिकारी यांस. विषय: वारा वर्ग करणेबाबत. महोदय, अर्जदाराच्या चौकशीतील त्रुटीमुळे अर्जदाराची भाची आपल्या किनारी चुकीच्या महिन्यात दाखल होत आहे. यात तिचा दोष नाही. सबब विनंती की, आपल्याकडील फेब्रुवारीचा वारा, वेग वीस नॉट, किनाऱ्यास तिरका, ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात वर्ग करण्यात यावा. सदर पुरवठा भाचीपुरताच मर्यादित ठेवावा. आणि अर्जदाराची भगिनी, भाचेसुनेचे केस व स्वतः अर्जदार यांना त्यातून कायमस्वरूपी वगळण्यात यावे, ही विनंती."