पुसलेल्या चार ओळी

मी छपाईची प्लेट बोलतेय. अॅल्युमिनियमची, पत्र्यासारखी पातळ. वर्तमानपत्राचं पान आधी माझ्या अंगावर उमटतं, मग कागदावर. तासाभराचं काम, की आमची रवानगी भंगारात. त्याचं मला दुःख नाही. दुःख वेगळंच आहे.

बडोद्यातल्या एका मराठी साप्ताहिकाचं पहिलं पान माझ्या वाट्याला आलं. भास्कररावांनी मला यंत्राच्या रुळावर ताणून बसवलं. त्यांची तीस वर्षं त्या यंत्रापाशी गेलेली. माझ्या तळाशी चार ओळींची बातमी होती. बडोद्याबाहेर बाजव्याजवळच्या एका कारखान्यात टाकी साफ करताना गोविंद खरात हा कंत्राटी कामगार गुदमरून मेला.

सुरुवातीच्या प्रती कधीच धड निघत नाहीत. कुठे शाई जास्त, कुठे पाणी. अशा दीडशे खराब प्रती निघाल्या आणि मालक दत्तात्रेयशेठ धावत आले.

"भास्करराव, मशीन थांबवा ने! ती खालची बातमी काढा. मागच्या पानावर त्याच कारखान्याची जाहिरात आहे."

"शेठ, माणूस मेलाय."

"ते मला कळतं. तुम्ही पुसा."

रसायनात भिजवलेला बोळा माझ्यावर फिरला. पुसलेल्या जागी नुसतं पाणी धरतं, शाई लागत नाही. पुढच्या सगळ्या प्रतींवर तिथे कोरी पट्टी आली. आधीच्या दीडशे प्रती संध्याकाळी पस्तीवाल्याने रद्दी म्हणून नेल्या आणि तिथून त्या गाठियाच्या लाऱ्यांवर, हातगाड्यांवर, पुड्या बांधायला गेल्या.

दुसऱ्या दिवशी गोविंदची बायको मोहना आली. हातात साप्ताहिकाचा अंक.

"काका, नाव छापणार होते ने तुम्ही? तुमचा बातमीदार लिहून घेऊन गेला होता. मॅनेजर म्हणतो, या नावाचा माणूस आमच्याकडे नव्हताच. त्यांच्या हजेरीत नाव नाही. बरोबरचे कामगार काल सांगत होते, आज कोणी तोंड उघडत नाही."

भास्करराव जागा कमी पडल्याचं सांगू लागले, पण त्यांना ते जमलं नाही. "नाव होतं, पोरी. मीच पुसलं."

"कुठे?"

त्यांनी ढिगातून मला ओढून काढलं आणि तिचं बोट त्या चकचकीत जागेवर ठेवलं. ती बराच वेळ बोट फिरवत राहिली.

"गेटवर येऊन एवढं सांगाल?"

भास्करराव बोळा उचलून यंत्र पुसू लागले. मला त्यांचा राग आला आणि कीवही आली. नोकरी गेली तर या वयात त्यांना कोण उभं करणार?

मग ती मलाच घेऊन गेली. कारखान्याच्या गेटवर मॅनेजरने मला उलटसुलट करून पाहिलं. "इसमें तो कुछ नहीं है, बहन," म्हणाला आणि हसला. खरंच होतं त्याचं. माझ्या अंगावर सगळी बडोद्याची खबर होती, हवी ती सोडून.

आता मी बाजव्याला, मोहनाच्या खोलीच्या फुटक्या खिडकीवर ठोकलेली आहे. येणाऱ्याजाणाऱ्याला मोहना ती जागा दाखवते. "इथे होतं," म्हणते. लोक मान डोलावतात आणि चहा पिऊन जातात.

तुम्ही बडोद्याचे असाल तर एवढंच करा. गाठिया खाऊन झाले की कागद लगेच चुरगाळू नका. तेल पुसून तळाच्या चार ओळी वाचा. शाई फासलेली असेल, पण त्यात गोविंद खरात असेल, तर तो कागद बाजव्याला आणून द्या. ती दार उघडंच ठेवते.