अध्यक्षांचा गुडघा

केशोरीत उमरावसारखा निर्व्यसनी माणूस झाला नाही. दारूबंदी समितीचा हा अध्यक्ष एका सकाळी झोकांड्या खात सभेला आला आणि त्याला एका गुलशनचे दोन दिसू लागले.

"मोहाची घेऊन राहिला का भाऊ?" उपाध्यक्ष गुलशनने विचारलं.

बायकोने, पुष्पाबाईने, तोंड हुंगलं होतं; दारूचा वास नव्हता. पण तिची साक्ष कोण धरणार?

गोंदियात डॉक्टरीणबाईंनी बोट फिरवलं, डोळे जागचे हलले नाहीत. गुडघ्यावर हातोडी मारली, पाय ढिम्म.

"नुकताच ताप येऊन गेला?"

"हो."

"मग दारू नाही. तापाशी लढलेलं शरीर आता स्वतःच्याच नसांशी लढतंय. लाखात एखाद्याला होतं."

गुडघ्यावर ठोकून डोळ्यातलं कळतं! पुष्पाबाईने हातोडीला हात जोडले.

"बहुतेकदा आपोआप बरं होतं."

झालंही. तोवर गुलशन अध्यक्ष झाला होता.