लाल तेल, हिरवं तेल

पहिली थप्पड बसली तेव्हा तेल्याच्या हातात तेलाचं माप होतं, आणि त्यानं ते सांडू दिलं नाही. दुसरी बसली तेव्हा त्यानं माप खाली ठेवलं. तिसरीला तो स्वतःच खाली गेला.

"किती घातलंस?" पैलवान विचारत होता. "बोल ना. त्या दिवशी तेल किती घातलंस?"

"रोजचं माप," तेल्या जमिनीवरूनच म्हणाला.

"रोजचं?" पैलवानानं त्याच्या बरगडीत लाथ घातली. "मग माझा भाऊ रोज का नाही मेला?"

पत्र्याच्या शेडखाली झाडं तोडणारी सगळी टोळी उभी होती. भांडण सोडवायलाही एक वेळ असते. फार लवकर सोडवलं तर मारणाऱ्याचा अपमान होतो, फार उशिरा सोडवलं तर पोलीस येतात. मुकादमाला ती वेळ बरोबर कळायची. तेल्याच्या ओठातून रक्त आलं आणि पैलवानाचा हात कोपऱ्यातल्या कुऱ्हाडीच्या दांड्याकडे गेला, तेव्हा तो मध्ये पडला.

"बास. मेला तर उद्या साखळ्यांना धार कोण लावणार?"

तेल्याची किंमत टोळीत साधारण एवढीच होती. सकाळी पेट्रोलमध्ये तेल कालवायचं आणि दिवसभर करवतींच्या साखळ्या घासत बसायचं. झाड त्यानं आयुष्यात एकही पाडलं नव्हतं. पण त्याच्या हाताशिवाय एकही झाड पडलं नव्हतं, हे तो मनातल्या मनात नेहमी मांडून ठेवायचा. या करवतींच्या इंजिनाला वेगळं वंगण नसतं. पेट्रोलमध्ये कालवलेलं तेल हेच त्यांचं वंगण. ते नसलं तर मशीन लगेच बंद पडत नाही. उलट थोडा वेळ नेहमीपेक्षा जोरात पळतं, मरणाऱ्याला शेवटी हुरूप यावा तसं, आणि मग पिस्टन आतल्या आत चिकटून बसतो.

पैलवानाचं मशीन असंच बसलं होतं. झाड अर्ध्याहून जास्त कापलेलं, वारा सुटलेला, आणि धाकटा भाऊ कापात पाचर ठोकायला बुंध्याशी वाकलेला. करवत किंचाळली आणि जागच्या जागी थांबली. पैलवान ती ओढत बसला. सोड आणि पळ, असं धाकट्याला सांगायला हवं होतं, पण हातात अडकलेलं मशीन असलं की माणसाला दुसरं काही दिसत नाही. झाड बुंध्यावर फिरलं आणि नको त्या बाजूला आलं. धाकट्याला बाहेर काढायला फांद्या तोडाव्या लागल्या, आणि त्या दुसऱ्या मशीननं तोडताना पैलवान एकसारखा म्हणत होता, "हळू, हळू, त्याला लागेल." तेव्हा त्याला लागण्यासारखं काही उरलं नव्हतं.

आता टोळीत दोन पक्ष पडले होते. एक म्हणायचा, तेल वाईट. दुसरा म्हणायचा, तेल्या विसरला.

तेल वाईट म्हणणाऱ्यांची बाजू सोपी होती. इतकी वर्षं हिरवं तेल चाललं, कधी मशीन बसलं नाही. महिन्याभरापूर्वी कंत्राटदाराचा मेहुणा लाल तेलाचे डबे घेऊन आला आणि महिन्याभरात माणूस गेला. शिवाय लालचा धूर डोळ्यांत जातो, त्याला गोडूस वास येतो, आणि तो मेहुणा काळा चष्मा लावतो. यातलं कुठलं कारण सगळ्यात वजनदार होतं, ते सांगणं कठीण.

"हिरव्याला जोर आहे," लंबू म्हणायचा. तो दुसरं मशीन चालवायचा. "लाल म्हणजे सरबत."

"तू पिऊन बघितलंस?" मेहुणा विचारायचा.

शेवटी मुकादमानंच ठरवलं. सारखी दोन मशीन, दोन्हींत नवे पिस्टन, एकात हिरवं, एकात लाल. आडवा पडलेला एकच ओंडका दोघांनी दोन टोकांकडून कापत यायचं. काय ते डोळ्यांसमोर होऊ दे.

"लाल मी चालवणार," पैलवान म्हणाला. "मरायचं असेल तर माझ्या हातात मरू दे." मग तो तेल्याकडे वळला. "आणि नाही मेलं, तेल चांगलं निघालं, तर तू घरी जायचं नाहीस. समजलं?"

तेल्याला समजलं होतं.

संध्याकाळी बायकोनं त्याच्या ओठावर ओला फडका दाबला. तिचा हात हलका नव्हता. कधीच नव्हता.

"खरं सांगा, विसरलात का?"

"या हातानं घातलंय."

"मग?"

"मग काय. तेल वाईट."

ती फडका पिळत राहिली. "मुकादम तुम्हाला चिंधी बांधायला सांगत होते ना? तुम्हीच आला होतात सांगत, हसत हसत."

गोष्ट खरी होती. पंपावरचं पेट्रोल तांबूस. त्यात हिरवं तेल पडलं की शेवाळी रंग यायचा. कालवलेल्याचा आणि नुसत्या पेट्रोलचा, दोन्ही डबे पांढऱ्या प्लास्टिकचे, शेजारी शेजारी ठेवलेले. शेवाळी ते मशीनमध्ये जायचं, तांबूस ते नाही. कुणाला शिकवावं लागत नव्हतं. लाल तेल आलं आणि कालवलेलं पेट्रोलही तांबूसच दिसायला लागलं, फार तर एखादी छटा गडद. मुकादम म्हणाला होता, नुसत्या पेट्रोलच्या डब्याला चिंधी बांध. तेल्या म्हणाला होता, "मी काय आंधळ्यांसाठी कालवतो का?" सगळे हसले होते. धाकटा सगळ्यात जास्त.

"चिंधी बांधली असती तर तुमची अब्रू जाणार होती," बायको म्हणाली. "आता बघा, दात चाललाय."

सकाळी मेहुणा मोटारसायकलवरून चष्मा लावून आला. त्यानं तेल्याच्या सुजलेल्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाला, "काका, आमच्या तेलानं एवढं नसतं हो सुजत."

कुणी हसलं नाही. ओंडका शेडसमोरच्या मोकळ्या जागेत लोळवून ठेवला होता, बैलाच्या पाठीएवढा जाड. तेल्यानं सगळ्यांसमोर हिरवं कालवलं, सगळ्यांसमोर लाल कालवलं. माप कडेपर्यंत भरलं, डोळ्यांसमोर धरून दाखवलं, ओतलं, डबा हलवला. तीन डबे ओळीत राहिले: शेवाळी, तांबूस, आणि पलीकडे नुसत्या पेट्रोलचा, तोही तांबूस. चिंधी त्यानं आजही बांधली नव्हती. आज बांधली असती तर त्या दिवशी का नव्हती, असं कुणीतरी विचारलं असतं.

मशीन सुरू झाली. लंबू शांतपणे कापत होता. पैलवान कापत नव्हता, खून करत होता. तो करवतीवर सगळं वजन टाकून तिला लाकडात कोंबत होता, मशीनच्या रेसचा घोडा सोडत नव्हता, दात खात होता. भुसा त्याच्या तोंडावर, डोळ्यांत, दातांत उडत होता. जाडजूड चकत्या धप्पकन पडत होत्या. एक टाकी संपली. दोन्ही मशीन धडधाकट.

मुकादमानं दोन्हींचे प्लग काढून हातावर घेतले. हिरव्याचा काळपट, लालचा विटकरी.

"बघा," मेहुणा म्हणाला. "लाल उलटं स्वच्छ जळतंय. मी पहिल्यापासून सांगतोय, तेलात खोट नाही. कालवणाऱ्यात असली तर मला माहीत नाही."

सगळी तोंडं तेल्याकडे वळली. त्याच्या पाठीला पत्र्याची भिंत लागली, तेव्हा त्याला कळलं की तो मागे सरकत होता. लंबूनंही मान खाली घातली होती.

"अजून एक टाकी," पैलवान म्हणाला. त्याचा आवाज अगदी खाली गेला होता. "मग त्याच्याकडे बघतो."

त्यानं झाकण उघडलं. नजर तेल्यावर, डोळे भुशानं लाल. हात मागे गेला, डब्याचा कान हाताला लागला, त्यानं उचलला आणि भरला.

तो पलीकडचा डबा होता.

तेल्यानं पाहिलं. दुसऱ्या कुणी पाहिलं नाही, कारण बाकीचे सगळे तेल्याकडे पाहत होते. त्या दिवशी काय झालं असेल, ते त्याला एका क्षणात जसंच्या तसं दिसलं: हीच घाई, हाच मागे गेलेला हात. त्यानं तोंड उघडलं. ओठाची खपली तडकली. आणि त्यानं तोंड मिटलं.

हिशेब सरळ होता. बोललं नाही तर मशीन मरेल, लाल तेल वाईट ठरेल, तो घरी जाईल. पैलवानालाही काही कळणार नाही. चिंधीचं कुणाला आठवणार नाही. एवढ्या सगळ्यांचा फायदा, आणि तोटा फक्त एका काळ्या चष्म्याचा.

करवत सुरू झाली. थोडा वेळ जोरात पळाली, नेहमीपेक्षा जोरात. आवाज चढत गेला, बारीक झाला. तेल्यानं डोळे मिटले. मग ती किंचाळली आणि लाकडात अडकून बसली.

टोळीनं हा आवाज एकदा ऐकलेला होता.

मग सगळे मेहुण्यावर तुटून पडले. चष्मा पहिल्या ठोशात गेला. त्याला मोटारसायकलपर्यंत पोचू दिलं नाही. पोटात गुडघे बसले, पाठीवर लाथा बसल्या, कुणीतरी त्याचंच तेल त्याच्या डोक्यावर उपडं केलं. लंबू, जो मुंगीवरसुद्धा पाय देत नसे, तो बुटाच्या टाचेनं त्याच्या हातावर उभा राहिला. मुकादम दोनदा ओरडला आणि गप्प झाला. आज त्याची वेळ चुकली होती. तेल्याला आधी बरं वाटलं. खोटं का सांगा, चांगलंच बरं वाटलं. प्रत्येक ठोसा काल त्याला बसलेल्या ठोशातून वजा होत होता.

मेहुणा रडत होता. "तेल चांगलंय," तो म्हणत होता, "आईशपथ, तेल चांगलंय." तोंडातून रक्त आणि लाल तेल एकत्र गळत होतं, कुठलं कुठलं ते ओळखू येत नव्हतं. पैलवानानं लोकांना बाजूला सारलं, त्याची कॉलर धरली आणि कुऱ्हाड उचलली. दांडा नाही. कुऱ्हाड.

"थांब," तेल्या म्हणाला.

कुणी ऐकलं नाही. तो पलीकडचा डबा घेऊन आला आणि त्यानं तो पैलवानाच्या कॉलर धरलेल्या मुठीवर ओतला. थंडगार पेट्रोलनं मूठ आपोआप सुटली.

"चोळ," तेल्या म्हणाला. "बोटं चोळ."

पैलवान त्याच्याकडे बघत राहिला. मग त्यानं बोटं चोळली. पेट्रोल उडून गेलं. बोटं कोरडी, खरखरीत, पांढुरकी.

"आता कुऱ्हाड ठेव. दुसरा हात दे."

हात हवेतच राहिला असता तर पुढची कथा वेगळी झाली असती. पण मुकादम मागून आला होता, त्यानं कुऱ्हाड हळूच काढून घेतली. तेल्यानं कालवलेल्या लालचा डबा दुसऱ्या हातावर ओतला. पैलवानानं चोळलं. पेट्रोल उडालं आणि तेल मागे राहिलं, बोटं एकमेकांवरून सुळसुळत राहिली.

तो दोन्ही हात समोर धरून उभा राहिला. एक कोरडा, एक बुळबुळीत. पैलवान अडाणी नव्हता. त्याला वेळ लागला तो समजायला नाही, विचारायला.

"आत्ता मी कुठला भरला?"

"पलीकडचा."

"आणि त्या दिवशी?"

"त्या दिवशी मी बघितलं नाही. साखळी घासत होतो." तेल्यानं थुंकी गिळली, तिला रक्ताची चव होती. "पण डब्याला चिंधी नव्हती. बांध म्हणाले होते. मी बांधली नाही."

"म्हणालो होतो," मुकादम जमिनीकडे बघत म्हणाला.

तेल्या थप्पड यायची वाट बघत उभा राहिला. गालही थोडा पुढे केला होता त्यानं. थप्पड आली नाही. पैलवान ओंडक्यावर जाऊन बसला आणि कोरडी बोटं चोळत राहिला, जणू अजून थोडं चोळलं तर त्यातून तेल निघेल.

मेहुण्याला मोटारसायकलवर मध्ये बसवून दवाखान्यात नेलं. त्याची दोन बोटं मोडली होती. लाल तेल पुढेही चालू राहिलं. एवढा मार दिलेल्या माणसाला तुझं तेल नको म्हणायला कुणाला तोंड नव्हतं. पलीकडच्या डब्याला आता चिंधी होती, एवढी मोठी की डबा दिसायचा नाही. तेल्याचा दात गेला तो गेलाच.

पैलवान कामावर आला तेव्हा सगळे बाजूला झाले. त्यानं मशीनला हात लावला नाही.

"लंबू, तू कापशील," तो म्हणाला, आणि कोपऱ्यातून धाकट्याची पाचर आणि घण उचलला.

"पैलवान, ते काम..." मुकादम म्हणाला.

"मी ठोकतो."

मग तो तेल्यापुढे आला आणि त्यानं दोन बोटं पुढे केली. तेल्यानं डब्यातून थेंबभर ओतलं. पैलवान चोळत राहिला, पेट्रोल उडेपर्यंत आणि नंतरही. बोटं सुळसुळली तशी त्यानं मान हलवली, आणि लंबूच्या मागोमाग जाऊन बुंध्याशी वाकला.

तेव्हापासून प्रत्येक टाकीला तो येतो. बोलत नाही. बोटं पुढे करतो. तेल्या माप खाली ठेवतो, आणि आधी त्याच्या बोटांवर ओततो.