प्रिंटर रुसला दसऱ्याला

भिकाजी परबांनी मशीनपुढे कधी हार मानली नव्हती. मुलुंडच्या कारखान्यात लेथवर अख्खी नोकरी काढलेला माणूस! नुसत्या आवाजावरून यंत्राचं दुखणं ओळखायचे. आणि आज, ऐन दसऱ्याला, परातीएवढा एक प्रिंटर त्यांना दाद देत नव्हता.

"शिरा पडो ह्याच्यार!" ते आतल्या खोलीत कॉम्प्युटरसमोर बसून ओरडले आणि पुन्हा एकदा 'प्रिंट' दाबलं. लिफ्ट येईना की माणूस बटण दाबत सुटतो ना, तसं त्यांचं दुपारपासून चाललं होतं. बाहेर हॉलमध्ये, शोकेसवर, गळ्यात झेंडूची माळ घालून प्रिंटर ढिम्म बसला होता.

त्यांच्या घाईचं कारणही तसंच होतं. कमळ, त्यांची बायको, आज सत्तर वर्षांची होत होती. तिचा जन्म दसऱ्याचा, त्यामुळे घरात तिचा वाढदिवस तारखेने कधी झालाच नाही. संध्याकाळी सोसायटीच्या हॉलमध्ये सगळ्यांना बोलावलं होतं आणि तिथे भिकाजी भाषण करणार होते. ही गोष्ट फक्त सून हेमांगीला ठाऊक होती. बायकोचं कौतुक म्हटलं की भिकाजींच्या तोंडाला कुलूप! भाजीत मीठ कमी पडलं तर तेवढं बरोबर ऐकू यायचं, बाकी नन्नाचा पाढा. म्हातारपणी ते त्यांचं त्यांनाच खुपायला लागलं होतं. दार लावून, हेमांगीला सांगून सांगून, त्यांनी भाषण टाइप करून घेतलं होतं.

पाठ मात्र होईना. एक वाक्य म्हटलं की दुसरं पळून जायचं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, फोनवरची अक्षरं म्हणजे मुंग्यांची रांग. म्हणून हेमांगीने एका कागदावर चारच ओळी मावतील एवढी मोठी अक्षरं केली होती. आता ती कागदावर उमटली म्हणजे मिळवलं.

"हेमांगी! अगं, तुझ्या लिनक्सने वाट लावली माझी!"

हेमांगी हात पुसत आली. जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स तिनेच घातलं होतं, आणि तेव्हापासून घरात दूध उतू गेलं तरी दोष लिनक्सचाच असायचा.

"बाबा, लिनक्सला कशाला शिव्या घालता? थांबा, बघते."

दोघं हॉलमध्ये आली. तिने वायफाय बघितलं, शाई बघितली, प्रिंटर बंद करून चालू केला. त्याने आतून कर्रर्र असा आवाज काढला, लाल दिवा लुकलुकवला आणि गप्प बसला.

"स्टेशनजवळच्या झेरॉक्सवाल्याकडे जाऊन येऊ का?"

"बघून आलो. शटर खाली. सणाचा दिवस, कोण बसेल?" भिकाजींचा आवाज बारीक झाला. "नसेल व्हायचं तर राहू दे. तसंही मला कुठे बोलता येतं."

त्यांचं तोंड इतकं उतरलेलं हेमांगीने कधी पाहिलं नव्हतं. तिने माळ बाजूला केली, प्रिंटरचं मागचं झाकण उघडलं आणि मोबाइलची बॅटरी आत मारली.

"बाबा."

"काय?"

"ह्याच्यात तांदूळ कसे आले?"

भिकाजी खाकरले. मग नको तितकं मोठ्याने म्हणाले, "अक्षता आहेत त्या. सकाळी पूजा नाही का केली? दसऱ्याला मशीन पुजायचं म्हणजे नीट पुजायचं. कारखान्यात आम्ही लेथवर भरपूर टाकायचो."

"वर टाकायचात ना? आत तर नाही ना?"

"मशीनचा जीव आत असतो," भिकाजी म्हणाले. "मीच झाकण उघडलं. मूठभरच घातल्या."

हेमांगीने कपाळाला हात लावला, आणि मग तिला असं हसू फुटलं की शोकेसला धरून उभं राहावं लागलं. भिकाजी आधी चिडले, मग त्यांनाही राहवेना. दोघांनी मिळून प्रिंटर उलटा केला, हलवला, भुवया कोरायच्या चिमट्याने एकेक कुंकू माखलेला दाणा वेचला. आवाज थांबला, दिवा हिरवा झाला.

"झकास! आता दाब."

हेमांगीने आत जाऊन दाबलं. काही नाही.

"बघितलंस? म्हटलं ना, लिनक्स!"

"या वेळी थोडंसं खरं आहे," हेमांगी कॉम्प्युटरपुढे बसत म्हणाली. भिकाजी मागे उभे राहिले. "कागद अडकला तेव्हा ह्याने प्रिंटरला पॉज करून ठेवलंय. दाणे काढले हे त्याला कुठे कळतंय? आपण 'रिझ्यूम' म्हणेपर्यंत ते असंच बसून राहणार." तिने बटण दाबलं.

हॉलमधून कागद सरकल्याचा आवाज आला. भिकाजींनी डोळे मिटून हात जोडले. आवाज पुन्हा आला. मग पुन्हा.

"अगोबाई, बाबा! तुम्ही जितक्यांदा दाबलंत ना, तितक्या प्रती येतायत!"

ती उरलेल्या प्रती रद्द करत बसली आणि भिकाजी हॉलकडे धावले. धावले आणि दारातच थबकले. शेजारच्या कुंदाकडे केस बांधायला गेलेली कमळ परत आली होती. अबोली साडी नेसलेली, अंबाड्यात गजरा. प्रिंटरमधून कागद भसाभस जमिनीवर पडत होते आणि त्यातला एक तिच्या हातात होता.

"वाचलंस?" भिकाजींना घाम फुटला.

"मी कशी वाचणार? चष्मा कुंदाकडे राहिला," कमळ म्हणाली आणि कागद त्यांच्या हातात देऊन आत गेली. भिकाजींचा जीव भांड्यात पडला.

संध्याकाळी हॉल गच्च भरला होता. सोनं वाटून झालं, केक कापून झाला आणि हेमांगीने माइक सासऱ्यांच्या हातात दिला. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. भिकाजी परब आणि भाषण?

त्यांनी कागद डोळ्यांसमोर धरला. "कमळ, पन्नास वर्षं तुझ्या हातचं जेवतोय. मीठ कमी पडलं, तेव्हा तेवढं सांगितलं."

एवढं वाचलं आणि डोळे भरून आले. ती भलीमोठी अक्षरंही विरघळली. त्यांनी कागद जवळ आणला, लांब धरला, पान उलटून पाहिलं. मागे कुणीतरी बिचाऱ्यांचं भाषण संपलं समजून टाळ्या वाजवायला लागलं. भिकाजींनी मान खाली घातली. झालं, राहिलंच शेवटी, असं त्यांना वाटलं.

"'बरोबर होतं, तेव्हा गप्प बसलो,'" पहिल्या रांगेतून कमळ म्हणाली.

भिकाजींनी चमकून वर पाहिलं. चष्मा तिच्या डोळ्यांवर होता. "तू तर म्हणालीस—"

"एवढी बैलाएवढी अक्षरं! चष्मा कशाला लागतोय?" हॉलमध्ये हशा पिकला. कमळही हसली, पण पदर डोळ्यांना लावून. "पुढची ओळ मला येते हो. पण ती मी नाही म्हणणार. ती तुमच्याकडूनच ऐकायचीय."

भिकाजींनी कागद घडी करून खिशात घातला.

"ते रोज बरोबर होतं," ते म्हणाले.