चौकटी जुळल्या

गुंडुराव टेलरांच्या हातात कुठलंही कापड द्या, ते आधी खिडकीशी धरून शिवण शोधणार आणि मग तिला नावं ठेवणार. म्हैसूरजवळच्या अख्ख्या बोगादीत त्यांच्या पसंतीला उतरलेली परकी शिवण अजून निघाली नव्हती. त्यांची मुलगी वनजा विद्यापीठाच्या कॉम्प्युटर विभागात इंटर्न म्हणून निघाली, तेव्हा त्यांनी स्वतः शिवलेला चौकटींचा कुडता तिच्या हातात ठेवला. म्हणाले, "भिऊ नको गे. हात सरळ चालीव, बस्स."

विभागात कृष्णमूर्ती सर होते आणि दुसरा इंटर्न नागराज होता. नागराज मोठ्या कॉलेजचा, फाडफाड इंग्रजी बोलणारा. सरांनी म्हैसूरचा एक जुना नकाशा दाखवला. तो इतका मोठा, की चार तुकड्यांत स्कॅन केलेला.

"हे तुकडे जोडणारा प्रोग्राम चार वाजेपर्यंत लिहा," सर कन्नडात म्हणाले. "ज्याचा जमेल तो माझ्या प्रकल्पावर. दुसऱ्यानं दोन महिने परीक्षा विभागात नावं टाइप करायची."

वनजाला वाटलं, नावंच टाइप करायची होती तर तीन वर्षं डोळे फोडून शिकायचं कशाला?

नागराजचा प्रोग्राम बारालाच तयार झाला. त्यानं कडेला कड लावली होती, आणि हुणसूरचा रस्ता हिनकल गावापाशी मोडून वीतभर खाली पडला होता. वनजानंही तेच केलं आणि तिचाही रस्ता तिथंच मोडला. तीन वाजले. नागराज कडा घासूनपुसून पुन्हा लावत होता. वनजाला रडू येत होतं. ते लपवायला तिनं मान खाली घातली, तर नजर कुडत्याच्या बाजूच्या शिवणीवर पडली.

समोरची चौकट मागच्या चौकटीला बिनचूक भिडली होती. अप्पांनी कापडाची कड कधी मोजलीच नव्हती. ते म्हणायचे, "कड खोटी बोलती, चौकट न्हाई." काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच!

नकाशावरही आखलेल्या चौकटी होत्या, आणि कडेचा थोडा भाग शेजारच्या दोन्ही तुकड्यांत आलेला होता. वनजानं कडा सोडून दिल्या. एक तुकडा दुसऱ्यावर चढवायचा आणि चौकटींच्या रेघा एकमेकींवर बसेपर्यंत केसाकेसानं सरकवायचा, असं तिनं कॉम्प्युटरला सांगितलं. चारला पाच मिनिटं कमी असताना हुणसूरचा रस्ता हिनकलमधून सरळ, ऐटीत पुढं निघाला.

सर खुर्ची ओढून बसले. "हे कुणी शिकवलं?"

"आमच्या अप्पांनी, सर. टेलर आहेत." हे सांगताना आज तिचा आवाज जराही दबला नाही.

"उद्या नऊला माझ्या खोलीत ये," सर म्हणाले. मग नागराजनंच आधी टाळी वाजवली. पोरगा दिलाचा मोठा निघाला.

संध्याकाळी तिनं नकाशाचा छापील कागद अप्पांपुढं धरला. "चार तुकडे जोडलेत. बघा."

गुंडुरावांनी सवयीनं तो खिडकीशी धरला. उलटा केला, सुलटा केला, नख फिरवलं. मशीनवर बसलेली आई पाय थांबवून बघत राहिली.

"काय गे हे," शेवटी ते म्हणाले, "शिवण कुठं हाय?"

वनजा नुसती हसत उभी राहिली.